बँकॉकचं स्नेक फार्म, नागराज बघायचा असेल तर जाच

बँकॉकला जाणारे आपले लोक सफारी वर्ल्ड आणि मॉल करून परत येतात, पण रामा फोर रोडवर थाई रेड क्रॉसची क्वीन साओवाभा इन्स्टिट्यूट आहे, तिथलं हे स्नेक फार्म 1923 पासूनचं. हे करमणुकीसाठी काढलेलं पार्क नाहीये, इथे सापांचं विष काढतात, ते थोडं थोडं घोड्यांना टोचतात आणि त्यांच्या रक्तातून सर्पदंशावरचं औषध म्हणजे अँटीव्हेनम बनवतात.

मला बघायचा होता तो नागराज म्हणजे किंग कोब्रा. जगातला सगळ्यात लांब विषारी साप, साडेपाच मीटरपर्यंत जातो. शोमध्ये त्याला मोकळ्यावर आणलं तेव्हा त्याने अंगाचा पुढचा भाग असा काही उचलला की बसलेल्या माणसाच्या डोळ्याला डोळा, आणि फुत्कार तर नागासारखा नाहीच, कुत्रा घशातल्या घशात गुरगुरतो ना तसा खोल आवाज. पुढच्या रांगेतले सगळे मागे सरकले. पण नीट बघा, हँडलर दोन पावलं मागे झाला की तो फणा खाली घेऊन कडेला निघायला बघतो. पाठलाग करून मारतो वगैरे जे सांगतात ना ते इथे बसून बघितलं की पटतच नाही, बिचाऱ्याला जायचं असतं. त्याचं मुख्य खाणं दुसरे साप, आणि मादी पालापाचोळा गोळा करून घरटं बांधते आणि अंडी राखत बसते, असं करणारा दुसरा साप नाही!

विषाबद्दल पण गैरसमज आहे. थेंबाला थेंब बघितलं तर आपल्या नागाचं विष त्याच्यापेक्षा जहाल, पण हा एका चाव्यात विष सोडतोच इतकं की श्वास बंद पडू शकतो. आणि आपल्याकडचं अँटीव्हेनम नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांसाठीच आहे, नागराजाचं इथे थायलंडमध्ये बनतं. गोव्यात, सिंधुदुर्गात नागराज आहे म्हणून हे सांगतोय. सह्याद्रीतला तर 2024 मध्ये वेगळी जात ठरला, ओफिओफेगस कालिंगा.

परदेशी माणसाला तिकीट 200 बात. विष काढताना बघायचंय तर वीकडेलाच सकाळी 11 च्या आत पोचा, साप हाताळायचा शो वीकडेला दुपारी अडीचला, वीकेंडला विष काढणं नसतं, वेळा निघण्याआधी एकदा चेक करा. मेट्रोने सिलोम किंवा साम यान, पुढे चालत. पोरांना नक्की न्या आणि म्युझियम सोडू नका.