मास्क झकास, नळीच्या चकतीने मात्र डोकं खाल्लं

दिवाळीआधी मागवलेलं स्नॉर्केलिंग किट (तोंड पाण्यात ठेवून तरंगत खालचं बघायला मास्क आणि श्वासाची नळी) मे महिन्यापर्यंत वापरून लिहितोय. टेम्पर्ड काच, सिलिकॉनचा स्कर्ट म्हणजे चेहऱ्याला चिकटणारी कड, ड्राय टॉप म्हणजे नळीच्या वरच्या टोकाला पाणी अडवणारी झडप, हे सगळं खोक्यावर छापलेलंच आहे, ते सोडतो.

मास्कबद्दल तक्रार नाही. माझा नंबर उणे साडेतीन. तयार नंबरच्या काचा बसवल्या आणि सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडकांत मला मासे मासे म्हणून दिसले, एरवी नुसते रंगीत ठिपके. पाण्यात तसंही सगळं एक-तृतीयांश मोठं दिसतं, अर्धा नंबर कमी असला तरी भागतं. नव्या काचेला आतून पांढरी टूथपेस्ट चोळून धुवा, नाहीतर धुकं धरतंच. मिशीवाल्यांच्या मास्कमध्ये थोडं पाणी शिरणार. पट्टा आवळू नका, उलट जास्त शिरतं.

आता नळी. तिच्या तळाशी पर्ज व्हॉल्व्ह असतो, त्यात रुपयाएवढी पातळ रबरी चकती. फुंकर मारली की पाणी तिथून बाहेर जातं. अंदमानात हॅवलॉकच्या एलिफंट बीचवर ही चकती दुमडून निसटली. मग प्रत्येक श्वासाला घोटभर खारं पाणी. वर ड्राय टॉप असून उपयोग काय, तळाला भोक!

कंपनीला फोटो पाठवले, शेजारी नाणं ठेवून. उत्तर आलं, 'झीज वॉरंटीत येत नाही, सुटा भाग मिळत नाही, नवीन नळी घ्या.' नवीन नळी नऊशे रुपये! चकतीचं रबर पाच रुपयांचंही नसेल. तीन मेल केले, तिन्हींना तेच उत्तर, फक्त खालचं नाव वेगळं.

इथवर एकच तारा देणार होतो. पण मे महिन्यात मालवणला बोटवाल्याने नळी हातात घेऊन बघितली आणि म्हणाला, "नळी बरी आसा, चकती गेली." जुन्या मोडक्या नळ्यांच्या डब्यातून एक चकती काढून त्याने बसवून दिली. पैसे घेईना, मग त्याच्याकडून दोन सोलकढ्या घेतल्या. तेव्हापासून थेंब येत नाही.

म्हणून तीन तारे, तिन्ही मास्कचे. नळी वेगळी मिळत असेल तर व्हॉल्व्ह नसलेली साधी वाकडी घ्या. तोंडावर पूर्ण बसणारा मास्क सुचवणारे बरेच आहेत, पण त्यात कानातला दाब सोडायला नाक चिमटीत धरता येत नाही. दोन-तीन मीटर खाली गेलात की कान दुखणार. आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा. पावसाळ्यात मालवणच्या बोटी बंद असतात.