लकव्यानंतर पंजा लोंबतो: व्यायाम, स्प्लिंट की करंटचं मशीन?

पॅरालिसिसच्या झटक्यानंतर माणूस उभा राहतो, आधाराने चार पावलं टाकतो, आणि मग घरच्यांच्या लक्षात येतं की पंजा वर येतच नाही. चवडा फरशीला घासतो, चप्पल पायातून निसटून मागे राहते, उंबरठा ओलांडायला अख्खा पाय बाहेरून गोल फिरवावा लागतो. कुणी म्हणतं लगेच स्प्लिंट, म्हणजे घोटा आणि पंजा धरून ठेवणारा प्लास्टिकचा आधार, घ्या. कुणी म्हणतं स्प्लिंटची सवय लागेल, व्यायामच करा. कुणी करंटच्या मशीनचं नाव काढतं. हे तिन्ही उपाय खरे आहेत, पण ते तीन वेगवेगळी कामं करतात.

लकव्यात पायातली नस आणि स्नायू सहसा शाबूत असतात, मेंदूचा हुकूम तिथवर पोहोचत नाही. नडगीच्या पुढचा, पंजा उचलणारा स्नायू त्यामुळे गप्प पडतो. त्याच वेळी मागची पोटरी बहुतेकदा आखडते आणि पंजाला खाली, आतल्या बाजूला ओढते. म्हणून निवड करण्याआधी दोन गोष्टी पाहा. रुग्णाला खुर्चीवर बसवून टाच जमिनीवरच ठेवायला सांगा आणि पंजा उचलायला लावा. किंचित तरी हालचाल दिसते का? मग गुडघा सरळ ठेवून तुमच्या हाताने पंजा हळूच वर ढकला. सहज येतो की अडतो?

किंचितही हालचाल दिसत असेल तर व्यायामावर सगळ्यात जास्त भर द्यावा, असं माझं ठाम मत आहे. टाच टेकवून पंजा उचलायचा, क्षणभर धरायचा, हळू खाली सोडायचा. दहा वेळा करून विश्रांती, आणि दिवसातून अशा बऱ्याच फेऱ्या. हे जमू लागलं की चवड्याला इलॅस्टिकचा पट्टा अडकवून त्याच्या ओढीविरुद्ध तेच करायचं. पोटरीचा ताण मात्र रोज हवा, हालचाल असो वा नसो: पाय लांब करून बसायचं, चवड्यामागून टॉवेल घेऊन पंजा स्वतःकडे ओढायचा आणि साधारण 30 सेकंद धरायचा. झटके द्यायचे नाहीत, त्याने आखडलेला स्नायू आणखी आवळतो.

पण पलंगावरचे व्यायाम पलंगावरच राहिले तर चालणं फारसं सुधारत नाही, आणि घरोघरी नेमकं हेच होताना दिसतं. खुर्चीतून उठणं-बसणं, ओट्याला धरून कमजोर पायावर वजन घेणं, बुटक्या पायरीवर तो पाय ठेवणं, जमिनीवरची पट्टी ओलांडणं हे सारं फिजिओच्या देखरेखीखाली सुरू करा आणि मग घरी कुणीतरी शेजारी उभं राहून करून घ्या. सुधारणेचा वेग पहिल्या काही महिन्यांत जास्त असतो. नंतर तो मंदावतो, पण दार बंद होत नाही. तेलाच्या मालिशने बरं वाटतं, पंजा उचलायला मात्र ती शिकवत नाही. पोटरी एकाएकी सुजली, गरम झाली किंवा दुखू लागली तर मालिश आणि व्यायाम दोन्ही थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवा. आत रक्ताची गुठळी असू शकते.

स्प्लिंट पंजाला काही शिकवत नाही, तो पंजा धरून ठेवतो. तरीही त्याला कमी लेखू नका. पडून खुबा मोडला तर आधीची सगळी मेहनत वाया जाते. पंजा नुसता लोंबत असेल तर मागून पातळ पट्टी असलेला लवचीक स्प्लिंट पुरतो. पोटरी खूप आखडत असेल किंवा घोटा आत वळत असेल तर मापाने बनवलेला, घोटा घट्ट धरणारा लागतो. दुकानातला तयार स्प्लिंट स्वस्त पडतो, पण अशा पायाला तो टोचतो. आपल्याकडची अडचण वेगळीच आहे: घरात आपण अनवाणी असतो आणि नुसतं प्लास्टिक फरशीवर घसरतं. त्यामुळे स्प्लिंट बुटातच घालायचा, आणि घरासाठी रुंद तोंडाचा एक वेगळा बूट ठेवायचा. पायाची संवेदना कमी असेल किंवा मधुमेह असेल तर स्प्लिंट काढल्यावर रोज त्वचा पाहा. लाल वळ लवकर गेला नाही तर माप दुरुस्त करून घ्या.

करंटच्या बाबतीत दोन गोष्टींची गल्लत होते. क्लिनिकमध्ये झोपवून लावतात तो करंट वेगळा, आणि चालताना पायावर बांधायचं मशीन वेगळं. हे दुसरं मशीन गुडघ्याच्या खाली, बाहेरच्या बाजूच्या नसेला नेमक्या वेळी करंट देतं: टाच उचलली की सुरू, टाच टेकली की बंद. ही कल्पना 1961 पासूनची आहे. त्याने स्नायू स्वतः काम करतो आणि घोटा मोकळा राहतो. पण किंमत स्प्लिंटच्या कित्येक पट, पॅड दररोज अचूक जागी लावायची कटकट, आणि पेसमेकर असेल तर ते सहसा वापरू देत नाहीत. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत 197 रुग्णांमध्ये 30 आठवडे हे मशीन आणि स्प्लिंट यांची तुलना झाली. चालण्याचा वेग दोन्ही गटांत वाढला आणि त्यात फरक आढळला नाही. समाधान मात्र मशीनवाल्यांचं जास्त होतं. म्हणून मशीनसाठी कर्ज काढायचा सल्ला मी देणार नाही. ज्यांना परवडतं आणि फिजिओकडे आधी वापरून पाहता येतं, त्यांनी जरूर पाहावं.

पंजा अजिबात हलत नाही आणि माणूस चालायला लागला आहे, तर आधी स्प्लिंट, आणि सोबत रोज ताण व उभं राहून करायचे व्यायाम. थोडी हालचाल असेल तर बाहेर जाताना स्प्लिंट, आणि घरात देखरेखीखाली काही वेळ त्याच्याशिवाय सराव. पंजा हातानेही वर येत नसेल तर नुसत्या व्यायामावर महिने घालवू नका. आखडलेपणावर औषध किंवा बोटॉक्सचं इंजेक्शन द्यायचं का, हे डॉक्टरांना विचारा. मापाचा स्प्लिंट मुंबईत हाजी अलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत बनवून मिळतो. मापाला जाताना रोजच्या वापराचे बूट सोबत न्या, आणि स्प्लिंट हातात आला की तिथेच थोडं चालून पाहिल्याशिवाय निघू नका.