प्रश्नावरून ओळख: लीन समुदायाचे झुलिपवरील दालन

समान वैज्ञानिक आवड असलेल्या माणसांची गाठ घालून देण्याचे आश्वासन अनेक सेवा देतात आणि त्यांपैकी बहुतेकींची पद्धत एकच असते: नाव लिहा, शिक्षण लिहा, आवडीच्या विषयांवर खुणा करा आणि कोणी भेटते का याची वाट पाहा. अशा एका गटात मी दोन वर्षे होतो. 'बीजगणित' या खुणेखाली माझ्यासारखे पुष्कळ सदस्य होते, पण दिवाळीच्या शुभेच्छांपलीकडे आमच्यात काही घडले नाही. लीन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या समुदायाने झुलिप या गटचर्चेच्या ॲपवर जे दालन थाटले आहे, तेथे आवडीनिवडी कोणी विचारत नाही. तुमचे घोडे कुठे अडले आहे तेवढे विचारले जाते. गेले वर्षभर मी हे दालन जवळजवळ रोज वापरत आहे आणि माणसे जोडण्याच्या कामी ही दुसरी रीत कितीतरी सरस आहे, असे माझे मत झाले आहे.

ज्यांना लीन ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लिओनार्दो द मौरा यांनी २०१३ साली मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये असताना ही भाषा सुरू केली. तिच्यात साधा प्रोग्रॅम लिहिता येतो आणि गणिती सिद्धताही लिहिता येते. सिद्धतेतली एखादी पायरी गाळली तर संगणक ती मान्य करत नाही. २०१७ पासून या भाषेत 'मॅथलिब' नावाचे गणिताचे सामाईक ग्रंथालय, म्हणजे संगणकाने तपासलेल्या व्याख्या आणि सिद्धतांचा संग्रह, उभे राहत आहे आणि त्याच्या ओळींची संख्या केव्हाच दहा लाखांच्या पुढे गेली आहे. एवढा डोलारा एकाच्या डोक्यात मावणारा नसल्यामुळे, कोणता कोपरा कोणाच्या ओळखीचा आहे हे शोधत राहणे ही इथली रोजची गरज आहे. २०१८ साली समुदायाने आपल्या गप्पा झुलिपवर हलवल्या आणि ती निवड योग्य होती हे रचना पाहिल्यावर लगेच पटते.

झुलिपमध्ये प्रत्येक संदेशाचा पत्ता दोन भागांचा असतो: आधी चॅनेल आणि त्याच्या आत विषयाचे शीर्षक. व्हॉट्सॲपच्या गटात सकाळी विचारलेला प्रश्न दुपारपर्यंत चार वेगळ्या गप्पांखाली गाडला जातो. इथे तो आपल्या शीर्षकाखाली शाबूत राहतो आणि तीन महिन्यांनी कोणाला उत्तर सुचले तरी ते त्याच जागी येऊन पडते. त्यामुळे युरोपातल्या सदस्याने त्याच्या दुपारी लिहिलेले आपण रात्री जेवणानंतर वाचावे, अमेरिकेतल्या कोणी आपल्या झोपेच्या वेळी त्यात भर घालावी आणि तरीही धागा तुटू नये, हे सहज जमते. प्रश्न सुटला की शीर्षकापुढे बरोबरची खूण करता येते. डॉलरच्या दुहेरी चिन्हांत लिहिलेली सूत्रे पुस्तकात छापल्यासारखी दिसतात. लीनच्या कोडची चौकट टाकली की तिच्या कोपऱ्यात एक बटण येते आणि ते दाबले की तोच कोड ब्राउझरमध्ये उघडून चालू लागतो. मला हे बटण सगळ्यांत मोलाचे वाटते, कारण समोरच्याची अडचण नुसती वाचावी लागत नाही, ती आपल्या पडद्यावर घडताना दिसते.

याचा अनुभव मला पहिल्याच आठवड्यात आला. पदवीच्या वर्गासाठी मोजणीची एक सोपी सिद्धता लिहिताना, एखाद्या संख्येतून एक वजा करून पुन्हा एक मिळवला की मूळ संख्या परत येते, ही ओळ लीन काही केल्या मान्य करेना. वैतागून मी 'न्यू मेंबर्स' या चॅनेलवर कोडचा अर्धवट तुकडा डकवला. थोड्या वेळात प्रतिसाद आला आणि त्यात '#एमडब्ल्यूई' एवढाच शब्द होता. त्यावर टिचकी मारली की स्वतंत्रपणे चालू शकेल असे किमान उदाहरण कसे द्यावे, हे समजावणारे पान उघडते. क्षणभर तो प्रतिसाद तुटक वाटला, पण चूक माझीच होती. संख्या कोणत्या प्रकारची, कोणत्या फायली आयात केल्या, यातले काहीच मी दिले नव्हते. पूर्ण उदाहरण लिहायला बसलो आणि अर्धा उलगडा तिथेच झाला. मी ती संख्या नैसर्गिक म्हणून जाहीर केली होती, आणि लीनमध्ये नैसर्गिक संख्यांची वजाबाकी शून्याखाली उतरत नाही. शून्यातून एक वजा केला तरी शून्यच उरते आणि त्यात एक मिळवला की एक होतो. म्हणजे माझे विधान शून्यासाठी चक्क खोटे होते. संख्या किमान एक आहे अशी अट घातल्यावर सिद्धता मार्गी लागली. पुढे त्याच धाग्यात, दुसऱ्या देशात पहिल्या वर्षाच्या मुलांना हाच विषय शिकवणाऱ्या एका सदस्याने, आपले विद्यार्थीही नेमके इथेच अडखळतात, असे लिहिले. वर्गात वापरायच्या उदाहरणांची आमची देवघेव तिथून सुरू झाली आणि ती अजून चालू आहे. विषयांच्या यादीवर खुणा करून हा माणूस मला सापडला नसता.

अशा गाठीभेटी मोठ्या प्रमाणावर कशा घडतात, हे पाहायचे असेल तर 'इक्वेशनल थिअरीज' प्रकल्पाचे धागे वाचावेत. नामवंत गणिती टेरेन्स ताओ यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये तो सुरू केला. दोन घटकांवर चालणारी एखादी क्रिया घ्यायची, ती जास्तीत जास्त चार वेळा वापरून लिहिता येतील असे ४,६९४ नियम मांडायचे आणि कोणत्या नियमातून कोणता नियम निघतो हे प्रत्येक जोडीसाठी ठरवायचे. अशा जोड्या होतात २,२०,२८,९४२. यातला एक प्रश्न शाळकरी मुलालाही सांगता येतो. त्रेचाळिसावा नियम क्रमनिरपेक्षतेचा, म्हणजे दोन घटकांची अदलाबदल केली तरी उत्तर तेच, आणि ४,५१२ क्रमांकाचा नियम साहचर्याचा, म्हणजे तिघांतली कोणती जोडी आधी सोडवली याने उत्तर बदलत नाही, असा आहे. पहिल्यातून दुसरा निघतो का? दगड, कागद, कात्री हा खेळ घ्या आणि दोघांतला जिंकणारा हे उत्तर माना. दगड आणि कागद म्हटले काय किंवा कागद आणि दगड म्हटले काय, उत्तर कागदच येते. पण दगड-कागद आधी सोडवून मग कात्री आणली तर कात्री जिंकते, आणि कागद-कात्री आधी सोडवून मग दगड आणला तर दगड जिंकतो. तेव्हा पहिल्या नियमातून दुसरा निघत नाही. बहुतांश जोड्या संगणकाने पटापट निकालात काढल्या. चिवट जोड्यांसाठी मात्र माणसांना डोके लावावे लागले. त्या धाग्यांत व्यावसायिक गणिती, विद्यार्थी आणि गणिताची पदवी नसलेले प्रोग्रॅमर एकमेकांच्या कल्पना पुढे नेताना दिसतात. एप्रिल २०२५ पर्यंत सगळ्या जोड्यांचे निकाल लीनमध्ये तपासून झाले होते. अनोळखी माणसाच्या कामावर विश्वास ठेवावा की नाही, हा प्रश्नच इथे उद्भवत नाही, कारण तपासणी संगणक करतो. मला वाटते, इथल्या मोकळेपणाचे खरे कारण तेच आहे.

गणितापलीकडच्या शास्त्रांसाठी हे दालन अजून विरळ आहे. रसायनशास्त्रातला लँगम्यूरचा अधिशोषणाचा (वायूचे रेणू पृष्ठभागाला कसे चिकटतात याचा) सिद्धान्त लीनमध्ये मांडला गेला आहे आणि भौतिकशास्त्रासाठी 'फिजलीन' हा प्रकल्प चालू आहे; पण जीवशास्त्राच्या किंवा भूशास्त्राच्या अभ्यासकाने इथे सोबती मिळतील अशी फारशी आशा धरू नये. आपल्याकडे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सिद्धार्थ गाडगीळ लीनच्या आधाराने सिद्धता आणि प्रोग्रॅमिंग शिकवतात. महाराष्ट्रातल्या पदवी महाविद्यालयांत मात्र, निदान माझ्या ओळखीच्या वर्तुळात, लीनचे नावही क्वचितच ऐकू येते.

उणिवाही सांगायला हव्यात. सगळा व्यवहार इंग्रजीत चालतो आणि जो विद्यार्थी वर्गात मराठीतून शंका विचारतानाही बिचकतो, त्याला इथे नावानिशी अज्ञान उघडे करणे जड जाणार. आपल्या गावात किंवा देशात याच विषयात रमलेले कोण आहे, हे शोधण्याची धड सोय नाही. जुन्या धाग्यांचे भांडार हे बळ खरे, पण त्यात एक खड्डा आहे: मॅथलिबचे लीनच्या चौथ्या आवृत्तीत स्थलांतर जुलै २०२३ मध्ये पूर्ण झाले, त्यामुळे त्याआधीच्या धाग्यांतला बराचसा कोड आज जसाच्या तसा चालत नाही आणि नवख्याला ते कळत नाही. धाग्याची तारीख आधी पाहण्याची सवय लावून घ्यावी.

खाते उघडायला पैसे पडत नाहीत आणि बरेचसे चॅनेल खाते न उघडताही वाचता येतात. खरे नाव वापरण्याची तिथे रीत आहे, ती पाळलेली बरी. सुरुवात 'न्यू मेंबर्स'पासून करावी. मग 'इज देअर कोड फॉर एक्स?' या चॅनेलवर जावे, जिथे अमुक प्रमेय ग्रंथालयात आधीच आहे का, एवढेच विचारले जाते आणि बहुधा ते असतेच. मॅथलिब स्वतःच्या संगणकावर घ्यायचे तर काही जीबी जागा लागते, पण ब्राउझरवर पहिले काही आठवडे सहज निभावतात. मी वाचतो फोनवर आणि लिहायला लॅपटॉप उघडतो, कारण कोडच्या चौकटीसाठी लागणारी ती तीन उलटी अवतरणचिन्हे फोनच्या कीबोर्डवर शोधेपर्यंत प्रश्न काय होता तेच विसरायला होते.