जाहिरातीत एआय, हातात ट्रान्झिस्टर: कोकणातल्या एका जेआरएफ जागेबद्दल

कोकणपट्टीतल्या ज्या विद्यापीठात मी जेआरएफ, म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलो आहे, तिथे आमच्याच प्रोजेक्टमध्ये आणखी एका फेलोची जागा निघाली आहे. जाहिरात फिरायला लागल्यापासून ‘ताई, जागा कशी आहे? फॉर्म भरू का?’ असे मेसेज येतायत. प्रत्येकाला वेगळं टाइप करत बसण्यापेक्षा इथे एकदाच लिहून टाकते. विद्यापीठाचं नाव घेत नाही, कारण पुढे दोन-चार कडू गोष्टी येणार आहेत आणि मला अजून तिथेच बसायचंय.

जाहिरातीचा मथळा वाचून वाटतं की सगळा मामला एआयचा आहे. इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या डिझाइनसाठी कृत्रिम बुद्धिमत्ता, पायथनचं ज्ञान आवश्यक, जीपीयू सर्व्हर (एआयची जड आकडेमोड करणारा कॉम्प्युटर) उपलब्ध वगैरे. यातलं खोटं काहीच नाही. फक्त वेळेचा हिशेब त्यात नाही. न्यूरल नेटवर्क, म्हणजे डेटावरून शिकणारं एआय मॉडेल, शिकवण्याचं काम दिवसाच्या कोपऱ्यात उरकतं. बाकीचा दिवस त्याला शिकवायचा डेटा तयार करण्यात जातो, आणि तो डेटा म्हणजे शुद्ध डिव्हाइस फिजिक्स.

आमचं काम फिनफेट या प्रकारच्या ट्रान्झिस्टरवर चालतं. सिलिकॉनची काही नॅनोमीटर रुंदीची उभी पट्टी आणि तिला तीन बाजूंनी वेढणारं, करंट चालू-बंद करणारं गेट. पट्टीची रुंदी, उंची, गेटची लांबी, ऑक्साइडची जाडी, डोपिंग (सिलिकॉनमध्ये मुद्दाम घातलेली भेसळ) हे आकडे बदलत जायचं आणि दर वेळी करंट-व्होल्टेजचा आलेख काढायचा. आलेख काढतं ते टीकॅड, म्हणजे ट्रान्झिस्टर कॉम्प्युटरवरच चालवून बघणारं सॉफ्टवेअर. ट्रान्झिस्टरचे हजारो बारीक तुकडे पाडून, म्हणजे मेश करून, ते प्रत्येक ठिकाणी विद्युत विभवाचं पॉइसनचं समीकरण आणि इलेक्ट्रॉन-होलच्या वहनाची समीकरणं एकत्र सोडवतं. एक आलेख कधी दहा मिनिटांत मिळतो, कधी दोन तास घेतो. नेटवर्कला असे हजारो आलेख दाखवले की मग नव्या मापांचं उत्तर ते डोळ्याचं पातं लवायच्या आत देतं. एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

आता ज्या जीपीयू सर्व्हरची जाहिरात केली आहे, त्याबद्दल. तो खरंच आहे, चांगला आहे आणि बहुतेक वेळ रिकामा असतो. पाच-सात आकडे आत, एक आलेख बाहेर, एवढ्या कामाचं नेटवर्क इतकं छोटं असतं की ते माझ्या लॅपटॉपवरही चहा होईस्तोवर शिकून होतं. अडतं ते टीकॅडच्या लायसन्सपाशी. लायसन्स मोजकी, मागणारे जास्त, आणि एम.टेक.च्या पोरांची सबमिशन जवळ आली की रात्री अकरानंतरच नंबर लागतो. इंटरव्ह्यूला जाल तेव्हा जीपीयूचं मॉडेल विचारू नका. एका वेळी किती सिम्युलेशन चालवता येतात ते विचारा.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं. जूनच्या पहिल्या वादळी पावसापासून लाइट जायला लागते ती गणपतीपर्यंत. लॅबला यूपीएस आहे, पण तो कॉम्प्युटर नीट बंद करण्यापुरता, रात्रभर सिम्युलेशनचा रन ओढण्यापुरता नाही. त्यामुळे प्रत्येक पायरीनंतर निकाल डिस्कवर लिहायचे आणि लाइट आली की स्क्रिप्टने अर्ध्यावरून उचलायचं, अशी व्यवस्था आधीच्या फेलोने करून ठेवली आहे. त्याला मनोमन नमस्कार. बॅकअपच्या बाबतीत मी स्वतःच कडक आहे. बाबांचं चिपळूणला टीव्ही दुरुस्तीचं दुकान. जुलै २०२१ च्या पुरात गिऱ्हाइकांचे सेट, सर्किटच्या फायली, सगळं चिखलात गेलं. तेव्हापासून एकाच जागी ठेवलेल्या वस्तूवर माझा विश्वास नाही.

कामाची खरी गंमत कळायची तर एक प्रसंग सांगते. नेटवर्क शिकून तयार झाल्यावर आम्ही त्याला उलटा प्रश्न घातला: मापं आम्ही देत नाही, आम्हाला असा असा ट्रान्झिस्टर हवा, मापं तू सांग. त्याने झोकात एक डिझाइन काढून दिलं. गळती नगण्य, चालू करंट भरपूर, आणि सबथ्रेशोल्ड स्विंग करंटच्या दर दहापटीला ५२ मिलिव्होल्ट. करंट दहापट वाढवायला गेटवर किती व्होल्टेज लागतं त्याचं हे माप. माझ्या गाइड मॅडमनी आलेख पाहिला, खुर्ची मागे सरकवली आणि म्हणाल्या, “अगं, याने तर बोल्ट्झमनला रजेवर पाठवलं!” साध्या मॉसफेटमध्ये (गेटवर चालणाऱ्या नेहमीच्या ट्रान्झिस्टरमध्ये), मग तो फिनफेट का असेना, खोलीच्या तापमानाला हा आकडा ६० च्या खाली येऊच शकत नाही. इलेक्ट्रॉन उष्णतेच्या जोरावर, बोल्ट्झमनच्या नियमाने अडथळा ओलांडतात, त्यामुळे ही मर्यादा निसर्गाचीच आहे. नेटवर्कला हे कुणी सांगितलेलं नव्हतं. शिकवलेल्या मापांच्या हद्दीबाहेर गेल्यावर त्याने ठोकून दिलं, आणि तेही पूर्ण आत्मविश्वासाने.

तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: मॉडेलने सुचवलेलं प्रत्येक डिझाइन पुन्हा टीकॅडमधून काढायचं. भौतिकशास्त्रही थोडंफार मॉडेलच्या आत घालतो. ड्रेनवर, म्हणजे करंट जिथून बाहेर काढतात त्या टोकावर, शून्य व्होल्ट तर करंट शून्य, हे त्याने डेटातून शिकावं अशी वाट न बघता रचनेतच बांधून टाकायचं. करंटचा लॉग घ्यायचा, कारण बंद अवस्थेतला आणि चालू अवस्थेतला करंट यांत लाखो पटींचा फरक असतो. सरळ आकडे दिले तर मॉडेल मोठ्या करंटवरच लक्ष देतं आणि गळतीकडे ढुंकूनही बघत नाही. शिवाय आलेखाचा उतारसुद्धा गुळगुळीत यायला हवा, नाहीतर पुढे सर्किट सिम्युलेटर अडखळतो. बर्कली विद्यापीठाचं बीसिम-सीएमजी हे फिनफेटचं समीकरणांवर बेतलेलं मॉडेल उद्योगात का टिकून आहे, ते इथे हाताने काम केल्यावर कळतं. हे शिकायला मिळतं म्हणून या जागेला मी चांगलंच म्हणेन. मॅडमसारखी गाइड मिळणं हा नशिबाचा भाग. आठवड्याला भेटतात, कोड उघडून वाचतात, आणि लेखावर पहिलं नाव काम करणाऱ्याचं असतं.

कामातली सगळ्यात मोठी कमतरता: इथे मोजमापाची सोय नाही. बाबांना फोनवर काम समजावलं की त्यांचा प्रश्न ठरलेला, “सगळं खरं, पण मीटर लावून बघितलंस का?” टीकॅडने टीकॅडलाच पास करण्याचा हा खेळ किती दिवस चालणार, हे माझ्याही डोक्यात असतंच. प्रत्यक्ष डिव्हाइससाठी आयआयटी मुंबईच्या नॅनोफॅब्रिकेशन सुविधेकडे बघावं लागतं. बाहेरच्या संशोधकांना तिथे आयएनयूपी या बाहेरच्या वापरकर्त्यांसाठीच्या कार्यक्रमातून प्रस्ताव देऊन काम करता येतं, आधी प्रशिक्षणही मिळतं. रात्रीची कोकणकन्या पकडायची, पहाटे ठाण्याला उतरायचं आणि पवई गाठायची. प्रोब स्टेशनची (डिव्हाइसवर सुया टेकून करंट मोजायच्या यंत्राची) सुई पॅडवर टेकून पहिला खरा, थोडा खरबरीत आलेख स्क्रीनवर उमटला, तेव्हा आमचे गुळगुळीत आलेख मला जरा जास्तच सभ्य वाटायला लागले. तिथली डिव्हाइसं आमच्या नॅनोमीटरवाल्या फिनफेटपेक्षा कितीतरी मोठी, पण पद्धत तपासायला ती पुरतात.

पैशांचं. जानेवारी २०२३ पासून जेआरएफला महिना ३७,००० आणि वर घरभाडं. दोन वर्षांनी एसआरएफ (सीनियर रिसर्च फेलो) झालात की ४२,०००. कागदावर ठीकठाक. खात्यात कधी येतील ते मात्र अकाउंट्समधल्या टेबलांवर अवलंबून. माझी फेलोशिप महिनोन्‌महिने अडकून एकदम जमा झाली आहे. ‘ग्रँटचा हप्ता आला नाही’ हे उत्तर इतकं पाठ झालंय की आता मी विचारायच्या आधीच ते म्हणून दाखवते. घरून थोडा टेकू असेल तरच या. नाहीतर आधी तीन-चार महिन्यांचं भाडं गाठीला बांधून या. मुंबई-पुण्याच्या मानाने इथे खोली स्वस्त पडते, हे खरं. मेसमध्ये बुधवारी आणि शुक्रवारी मासे असतात. बांगडा चांगला, सुरमईच्या नावाखाली काय वाढतात ते देवच जाणे. सोलकढी पाणचट.

चॅटबॉट किंवा भाषेची मॉडेलं करायची असतील तर इथे येऊ नका, सहा महिन्यांत वैतागाल. सेमीकंडक्टरमध्येच जायचं आहे, बँड डायग्राम (इलेक्ट्रॉनच्या ऊर्जापातळ्यांची आकृती) काढताना हात थरथरत नाही, आणि रन कन्व्हर्ज होत नाही, म्हणजे उत्तर स्थिरावत नाही, म्हणून रात्री दोनला मेश पुन्हा घालायची तयारी आहे, त्यांनी जरूर फॉर्म भरावा. टीकॅडची चव आधी घ्यायची असेल तर डेव्हसिम हे तसंच सॉफ्टवेअर फुकट आहे, पायथनमधून चालतं. त्यात एक साधा डायोड करून त्याचा आलेख बरोबर घेऊन या. मॅडम इंटरव्ह्यूत गुणपत्रिकेच्या आधी तोच मागतील, आणि मग विचारतील की उलट्या बाजूचा करंट एवढा कमी का आला.