येळ्ळूरचा ऊकार आणि खालची रेघ: वर्ड, रायटर, डॉक्स की कोरल?

मराठी मजकुरावर कंट्रोल-यू दाबलं की रेघ अक्षरांच्या पायाला चिकटते. नेमके तिथेच आपले उकार आणि ऋकार बसलेले असतात. त्यात आमच्याकडची गावं बघा: येळ्ळूर, तुरमुरी, बेळगुंदी, कुद्रेमनी, खानापूर. एकही रेघेतून सुटत नाही. बेळगाव तेवढं सुटलं. 2014 मध्ये सरकारदरबारी ते बेळगावी झालं, तरी खाली लोंबणारं काही आलं नाही, हे नशीबच.

एका सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस मी मराठी आणि कन्नड अशी दोन्हींत करून दिली होती. मथळ्यातल्या 'येळ्ळूर'खाली रेघ मारली, तर चेअरमननी चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "हा उकार ऱ्हस्व की दीर्घ?" रेघेनं ऊकाराची शेपटी गिळली होती. कन्नडमध्ये गंमत उलटी झाली. तिथे ऊकार अक्षराच्या उजवीकडे जातो, त्यामुळे तो वाचला. पण दुसरा ळ पहिल्याच्या खाली ओत्तु म्हणून, म्हणजे जोडाक्षरातलं खालचं छोटं रूप म्हणून, बसतो आणि रेघ बरोबर त्याच्या पोटातून गेली.

वर्डमध्ये रेघेचा प्रकार बदलतो, रंगही बदलतो, पण अक्षर आणि रेघ यांच्यातलं अंतर बदलायला चौकटच नाही. म्हणून आडवाटेनं जावं लागतं.

मथळ्यासाठी परिच्छेदाची खालची बॉर्डर बरी. बॉर्डर्स अँड शेडिंगमध्ये ऑप्शन्स उघडलं की बॉटमला 1 पॉइंट दिसतो, तो मराठीला 3-4 करा. कन्नडला मी 5 ठेवते. ही रेघ मात्र शब्दापुरती थांबत नाही, समासापासून समासापर्यंत धावते. आखूड हवी तर इंडेंट आत घ्यायचा. एकाखाली एक दोन मथळ्यांना सारखीच बॉर्डर दिली, तर वर्ड त्यांना एकच ठोकळा समजून फक्त शेवटच्याखाली रेघ ओढतो. मी यात अर्धी दुपार घालवली आहे.

वाक्यातल्या एखाद्याच शब्दाखाली रेघ हवी असेल तर दुसरी युक्ती. शब्दाच्या मागची-पुढची स्पेसही अधोरेखित करायची, मग नुसता शब्द निवडून कंट्रोल-डी, अ‍ॅडव्हान्स्ड, पोझिशन रेज्ड, 3 पॉइंट. अक्षरं वर जातात, रेघ स्पेसच्या पातळीवर खाली राहते. पण त्या ओळीची उंची वाढते आणि पानावर ती एकटीच फुगलेली दिसते. ओळींमधलं अंतर 'एक्झॅक्टली' केलं की पान सरळ होतं, फक्त आकडा सढळ द्या. 14 च्या फाँटला 24. कंजूषपणा केलात तर रफार आणि वेलांट्यांचे शेंडे कापले जातात.

लिबरऑफिसचा रायटर फुकट आहे, आणि बॉर्डरच्या बाबतीत मला तो वर्डपेक्षा शहाणा वाटतो. पॅडिंग, म्हणजे अक्षर आणि बॉर्डर यांच्यातली जागा, तिथेच समोर दिसतं, आणि 'मर्ज विथ नेक्स्ट पॅराग्राफ'ची खूण काढली की प्रत्येक मथळ्याला स्वतःची रेघ मिळते. साध्या अधोरेखेचं अंतर मात्र तिथेही हलत नाही.

गूगल डॉक्समध्ये बॉर्डर आणि पॅडिंग आहे, बाकी काही नाही. मंडळाची वर्गणीची यादी चौघांनी मिळून भरायची असेल तर डॉक्सच घ्या. देखणेपणाची अपेक्षा ठेवू नका.

लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे कोरलड्रॉ असतंच. त्यात अंडरलाइनच्या एडिटमध्ये रेघेची जाडी आणि बेसलाइन शिफ्ट (रेघ किती खाली न्यायची) असे दोन आकडे मिळतात, म्हणजे वर्डमधली सगळी कसरत वाचते. पुस्तकं-अहवाल मांडायच्या इनडिझाइनमध्येही वेट (जाडी) आणि ऑफसेट (अंतर) आहे. तो ऑफसेट एकदा कॅरॅक्टर स्टाइलमध्ये, म्हणजे अक्षरांच्या जतन केलेल्या साच्यात, ठेवला की साठ पानांच्या अहवालात पुन्हा हात लावावा लागत नाही. फक्त कंपोझर (ओळी जुळवणारी सोय) वर्ल्ड-रेडी निवडा, नाहीतर जोडाक्षरं फुटतात. आणि इनडिझाइनची वर्गणी भरत राहावी लागते, ते वेगळंच.

तेव्हा दोन-चार पानांच्या नोटिसा असतील तर रायटर घ्या, वर्ड आधीच मशीनवर असेल तर वर्ड चालेल. पत्रिका कोरलवाल्यावर सोडा. वर्डची फाइल मात्र छापायला तशीच पाठवू नका. छापणाऱ्याकडे तुमचा फाँट नसला तर दुसराच फाँट लागतो, ओळी सरकतात आणि रेघ पुन्हा ऊकाराला भिडते. पीडीएफ करा, 200 टक्के मोठी करून आधी 'येळ्ळूर' बघा, मगच पेनड्राइव्ह द्या.