बेकरची बायको चांगली, पण किती?

'इनटू द वुड्स' (२०१४) हा परीकथांवरचा चित्रपट मला भावला तो बेकरच्या, म्हणजे पाववाल्याच्या, बायकोमुळे. एमिली ब्लंटने ती इतकी मायाळू उभी केली आहे, की तिचं खोटं आपल्याला चटकन खपून जातं. मूल हवं, त्यासाठी चेटकिणीचा शाप उतरवायचा, त्यासाठी जॅकची गाय हवी. मग त्या भोळ्या पोराच्या गळ्यात जादूचे म्हणून पाच दाणे मारायचे. दाणे खरंच जादूचे निघतात, पण हिला ते कुठे ठाऊक होतं? बेकर तर त्याच शापापायी लहान मुलीच्या अंगावरचा लाल झगा हिसकावून पळतो आणि तिने भोकाड पसरल्यावर परत करतो. हा प्रसंग नीट बघा.

उत्तरार्धात राक्षसीण येते, मेलेल्या नवऱ्याचा जाब विचारायला. दाण्यांतून उगवलेल्या वेलावर चढून राक्षसाच्या घरी चोरी केली जॅकने, जीव तिच्या नवऱ्याचा गेला, आणि आपण मात्र जॅक वाचावा म्हणून देव पाण्यात घालून बसलेले! मी फार अस्वस्थ झाले. चेटकीण क्रूर आहे, पण तोंडावर खरं बोलते. राजपुत्र तेवढा उथळ वाटला. १९८७च्या मूळ ब्रॉडवे संगीतिकेचं चित्रीकरण मिळालं तर तेही पाहाच. चेटकिणीने मनोऱ्यात कोंडलेली लांब केसांची रॅपन्झेल चित्रपटात वाचते, तिथे मरते.