मुंबई–न्यूयॉर्क: ग्रेट सर्कल मॅपर आणि फ्लाइटरडार२४, काही महिन्यांच्या वापरानंतर

लेक न्यू जर्सीत असल्यामुळे आमच्या घरातलं कुणी ना कुणी सतत जात-येत असतं. तिकीट काढण्याआधी मी दोन विमानतळांमधलं सर्वांत जवळचं अंतर दाखवणारी ग्रेट सर्कल मॅपर ही साइट उघडते, विमान सुटलं की ते कुठे आहे हे नकाशावर दाखवणारा ट्रॅकर, फ्लाइटरडार२४. आता मत पक्कं झालंय. अंतरासाठी मॅपर अगदी बिनधास्त वापरा. प्रवासाच्या वेळेसाठी कुठल्याही अंतर मोजणाऱ्या साइटवर विसंबू नका.

मॅपर दिसायला जुनाट, पण काम चोख. बीओएम (मुंबई) आणि जेएफके (न्यूयॉर्क) हे विमानतळांचे कोड टाकले की नकाशावर रेघ आणि आकडा हजर: सुमारे १२,५४० किमी. रेघ बघून नवखा माणूस चक्रावतोच. ती अरबस्तानाकडे वळतच नाही; कच्छ, अफगाणिस्तान, रशिया, फिनलंड असं करत थेट आइसलंडपर्यंत चढते. घरातल्या पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरा, तोही तिथूनच जातो.

मला खरा उपयोग झाला तो थांबे ठरवताना. मध्ये लंडन घातलं तर एकूण अंतर जेमतेम दोनशे किमीने वाढतं, दुबई घातलं तर चारशेच्या आसपास. ‘दुबईमार्गे केवढा वळसा!’ असं म्हणणाऱ्या नातेवाइकांना मी आता हाच आकडा दाखवते. वेळ जातो तो विमानतळावरच्या थांब्यात. आणि वयस्कर माणसांना तो थांबा हवाच असतो, गुडघे मोकळे होतात.

वेळेचं गणित मात्र वेगळं. बऱ्याच साइट अंतराला ताशी ९०० किमीने भागतात आणि चौदा तास सांगून मोकळ्या होतात. थेट विमानाचं मुंबईहून जातानाचं वेळापत्रक सोळा तासांच्या पुढे असतं. त्यात धावपट्टीपर्यंतची रांगही धरलेली असते, पण मोठा फरक वाऱ्याचा. जेट स्ट्रीम, म्हणजे उंचावरचा वेगवान वारा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो आणि हिवाळ्यात त्याला जोर चढतो. जानेवारीत रात्री ट्रॅकर उघडून बघा: अटलांटिकवरून आपल्याकडे येणाऱ्या विमानाचा जमिनीच्या हिशेबातला वेग कधी कधी ताशी १,१०० किमीपर्यंत दिसतो, तिकडे जाणारं आठशेच्या आसपास रखडत असतं. म्हणून परतीचा प्रवास सहसा लवकर आटोपतो.

शिवाय आकाश सगळ्यांना सगळीकडे खुलं नसतं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली. मग मुंबईहून सुटलेलं विमान आधी समुद्रावरून मस्कतच्या बाजूला जातं, मॅपरवरची ती सुबक रेघ कागदावरच राहते.

त्यामुळे मी ट्रॅकरमध्ये फ्लाइट नंबर टाकून मागच्या काही दिवसांची उड्डाणं बघते: प्रत्यक्ष किती वाजता सुटलं, किती वाजता टेकलं. न्यायला येणाऱ्याला तीच वेळ कळवते. समुद्राच्या मध्यावर विमान नकाशावरून गायब झालं तर घाबरू नका. जमिनीवरचे रिसीव्हर साधारण ४०० किमीपर्यंतचेच सिग्नल पकडतात. पुढे काही वेळ विमानाची जागा अंदाजानेच दाखवली जाते. घरी वाट बघणाऱ्या आजी-आजोबांना हे आधीच सांगून ठेवा.

तिकिटावरच्या स्थानिक वेळांवरून तास मोजत असाल तर तारीख बघा. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे असतं, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत साडेदहा.